थांका रंगवताना: सरसाच्या पहिल्या हातापासून किनखापाच्या चौकटीपर्यंत

थांका म्हणजे कापडावर रंगवलेले तिबेटी बौद्ध चित्र, आणि तो गुंडाळता आला पाहिजे. त्याच्या कृतीतली जवळपास प्रत्येक पायरी या एका गरजेतून आलेली आहे. तिबेटात ही चित्रे गुंडाळी करून एका मठातून दुसऱ्या मठात, छावणीतून छावणीत नेली जात आणि जिथे पूजा असेल तिथे उलगडून टांगली जात. म्हणून कापड पातळ, खडीचा (पांढऱ्या मातीच्या लेपाचा) थर त्याहून पातळ, रंगात सरस (कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ) मोजका आणि किनार चिकटवलेली नव्हे तर शिवलेली. कागदावर किंवा कॅनव्हासवर उत्तम काम करणारे चित्रकारही पहिल्या थांक्यात अडतात ते बहुधा रेखाटनात नव्हे, तर सरसात. सरस बिघडला की पुढचे महिनोन्‌महिन्यांचे रंगकाम पहिल्याच गुंडाळीत तडकते. त्यामुळे खाली सरस आणि खडीबद्दल जास्त लिहिले आहे.

सगळी मापे ४० × ५५ सेंमी चित्रासाठी आहेत. विषय भूमिस्पर्श मुद्रेत बसलेले शाक्यमुनी बुद्ध. पहिल्या पूर्ण थांक्याला हाच विषय घ्यावा असे आमचे मत आहे: एक मुख, दोन हात, अंगावर दागिने नाहीत, त्यामुळे प्रमाणातली चूक झाकायला कुठे जागाच नसते.

कापड आणि दुहेरी चौकट

साध्या विणीचा, गाठी नसलेला, मध्यम बारीक सुती मांजरपाट घ्या. उजेडासमोर धरला तर वीण एकसारखी दिसली पाहिजे. जाड कापडाची वीण खडीतून वर दिसते आणि ती झाकायला थर जाड करावा लागतो. अगदी विरविरीत कापडातून खडी मागे गळते. बाजारातल्या कापडात खळ असते, ती पूर्ण निघाली पाहिजे. गरम पाण्यात रात्रभर भिजवा, चोळून धुवा, आणि हे पुन्हा एकदा करा. खळ राहिली तर सरस धाग्यात शिरत नाही, खडी कापडावर नुसती टेकून राहते आणि पुढे पापुद्र्यांनी सुटते.

५० × ६५ सेंमीचा तुकडा काढा. कात्रीने न कापता फाडून काढलेला बरा, म्हणजे कडा धाग्याच्या रेषेत राहतात. कापडाचा ताणा, म्हणजे उभे धागे, चित्राच्या उंचीच्या दिशेने हवेत. चित्र टांगल्यावर सगळे वजन याच धाग्यांवर येते.

आता चौकट. कापडाच्या चारही कडा एकेका बारीक काठीवर (साधारण १ सेंमी जाडीची बांबूची कांब चालते) गुंडाळून शिवून टाका. ही झाली आतली चौकट. बाहेरची चौकट मजबूत लाकडाची, आतून मोजल्यास ६५ × ८० सेंमी. दोन्हींमध्ये सगळीकडून ७-८ सेंमी अंतर राहते. त्या अंतरातून सुती दोरी काठीभोवती आणि चौकटीभोवती नागमोडी ओवत न्यायची. कापडाला कुठेही खिळा लागत नाही आणि ताण हवा तेव्हा कमीजास्त करता येतो. काम चालू असताना हे पुष्कळदा करावे लागते, कारण पावसाळी दिवसात आणि कोरड्या दिवसात कापड वेगळे वागते.

पहिल्यांदा दोरी मध्यमच ओढा. ओले सूत आकसते. आधीच टणक ताणलेले कापड सरस लागताच काठ्यांना आत वाकवते आणि कडा लहरी होतात. अशा कापडावर सरळ काढलेली रेघ चौकटीतून सोडवल्यावर वाकडी निघते.

सरस

तिबेटी चित्रकार कातड्यापासून उकळून काढलेला सरस वापरतात, परंपरेने याकच्या कातड्याचा. आपल्याकडे सुताराच्या दुकानात मिळणारा काळपट, उग्र वासाचा सरस यासाठी नको. त्याने खडी पिवळी पडते आणि थर ठिसूळ होतो. फिकट रंगाचा, स्वच्छ कातडी सरस घ्या.

५०० मिली थंड पाण्यात ३० ग्रॅम सुका सरस ८ ते १२ तास भिजू द्या. तो फुगून मऊ झाला की भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून हळूहळू विरघळवा. तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि उकळी तर कधीच नको. उकळलेल्या सरसाची पकड तुटते. बारीक कापडातून गाळून घ्या. एवढ्या सरसात पहिले हात आणि खडी दोन्ही निघतात. उरलेला फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेला सरस मुंबईच्या उकाड्यात एका दिवसात वास मारू लागतो. वास आलेला सरस टाकून द्यावा, त्यात नवा मिसळून वापरू नये.

वर दिलेले प्रमाण सुरुवातीचे आहे. प्रत्येक सरसाची ताकद वेगळी असते, म्हणून कसोटी महत्त्वाची. थंड झाल्यावर त्याची मऊ, हलवली की थरथरणारी जेली झाली पाहिजे. घट्ट रबरी जेली झाली तर पाणी वाढवा. नुसते दाट पाणीच राहिले तर सरस कमी पडला.

कोमट सरस रुंद कुंचल्याने कापडाच्या पुढून लावा, वाळू द्या, मग मागून लावा. ओले असताना दोऱ्या तपासा आणि चारही बाजूंचा ताण सारखा करा. वाळल्यावर बोटाने टिचकी मारली की कापडाने सगळीकडे सारखा आवाज दिला पाहिजे.

खडी

तिबेटात यासाठी पांढरी माती किंवा खडू वापरतात. आपल्याला चुनखडीची बारीक पांढरी पूड किंवा चिनी माती चालते. प्लास्टर ऑफ पॅरिस चालत नाही, ते स्वतःच घट्ट होते आणि लवचिकपणा मारते. सुमारे २०० मिली कोमट सरसात १५० ग्रॅम पूड थोडी थोडी सोडा. घोटताना फेस होऊ देऊ नका, बुडबुडे वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके होतात. मिश्रण कापडातून गाळा. ते ताकाइतके पातळ हवे. दाट वाटले तर पूड काढता येत नाही, म्हणून कोमट सौम्य सरसच वाढवा, नुसते पाणी नको.

पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. प्रत्येक हात लावल्यावर पट्टीच्या किंवा बोथट सुरीच्या कडेने जादा खडी खरवडून घ्या. खडी विणीच्या छिद्रांत बसली पाहिजे, विणीवर साचता कामा नये. मागच्या बाजूलाही एक पातळ हात द्या. एकाच बाजूला खडी असेल तर कापड त्या बाजूला वळते. चौकट खिडकीसमोर धरून पाहा. प्रकाशाचे ठिपके दिसले तर तेवढ्याच जागी बोटाने खडी भरा.

आता दोन कसोट्या. न वापरायच्या कोपऱ्यात नखाने हलके खरवडा. नखावर भुकटी आली तर सरस कमी आहे, आणि असा थर रंगातला सरस पिऊन टाकेल. यावर उपाय आहे: सौम्य सरसाचा एक पातळ हात द्या. दुसरी कसोटी म्हणजे त्याच कोपऱ्यात कापड बोटावर वळवणे. बारीक कडकड ऐकू आली किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर सरस जास्त आहे नाहीतर थर जाड आहे. यावर खरा उपाय नाही. ओल्या फडक्याने खडी पुसून काढा आणि पुन्हा सुरुवात करा. इथे घालवलेला दिवस पुढे कामी येतो. भेगाळलेल्या खडीवर चित्र काढण्यात मात्र काहीच अर्थ नाही.

घोटणे उरते. चौकटीच्या मागे गुळगुळीत फळी टेकवा, वीतभर भाग ओल्या फडक्याने जेमतेम दमट करा आणि गुळगुळीत गोट्याने गोल गोल घासा. शंखाने किंवा जाड काचेच्या गोल बुडानेही जमते. पाणी जास्त झाले तर खडी गोट्याला चिकटून उठते. असे करत सगळा पृष्ठभाग संपवा, वाळू द्या, मग उलट बाजू करा, आणि शेवटी दोन्ही बाजू कोरड्या घोटा. पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागावा पण आरशासारखा चमकू नये. फार चकचकीत पृष्ठभागावर रंग धरत नाही. लहान चित्राला या सगळ्याला तीनचार दिवस लागतात, दमट हवेत त्याहून जास्त.

अक्ष, अंगुळे आणि रेखाटन

रेखाटनाआधी ताण शेवटचा पक्का करा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन कर्ण मारा. मध्यबिंदू मिळाला की कंपासने चाप काढून त्यातून काटकोनात उभी आणि आडवी रेघ काढा. कापडाच्या कडेवर किंवा काठीवर विसंबून काटकोन धरू नका, त्या क्वचितच सरळ असतात. लांब रेघांसाठी कोरडा रंग लावलेले सूत ताणून त्याला टिचकी मारणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. उभी, आडवी, दोन कर्ण आणि चार कडा अशा आठ मुख्य रेषांवर चित्राची मांडणी उभी राहते. उभ्या अक्षाची चूक चित्राच्या शेवटपर्यंत सुधारत नाही. मूर्ती कलते, आणि भोवती किनखाप (जरीचे भारी रेशमी कापड) शिवल्यावर ते आणखीच डोळ्यावर येते.

बुद्धमूर्तीचे प्रमाण अंगुळांत मोजतात. हे अंगुळ म्हणजे तुमच्या बोटाची रुंदी नव्हे, ते त्या मूर्तीचेच मापाचे एकक आहे. संवरोदय तंत्राच्या परंपरेत बुद्धाची उभी उंची १२० अंगुळे, कालचक्र तंत्राच्या परंपरेत १२५. दोन्ही योग्य आहेत, पण एका चित्रात एकच पाळायची. १२५ च्या मापात शरीराचा वरचा अर्धा भाग ६२.५ अंगुळे होतो आणि त्याचे पाच सारखे टप्पे पडतात: उष्णीषापासून (डोक्यावरच्या उंचवट्यापासून) ऊर्णेपर्यंत (भुवयांमधल्या ठिपक्यापर्यंत), ऊर्णेपासून कंठापर्यंत, कंठापासून हृदयापर्यंत, हृदयापासून नाभीपर्यंत आणि नाभीपासून जननस्थानापर्यंत, प्रत्येकी १२.५. आपल्या चित्रासाठी १ अंगुळ = ४ मिलिमीटर धरा. मग प्रत्येक टप्पा बरोबर ५ सेंमी आणि वरचा भाग २५ सेंमी येतो. खाली मांडी, कमळ आणि सिंहासन, वर आकाश, दोन्ही बाजूंना प्रभामंडळ यांना पुरेशी जागा राहते.

बाकीची आडवी मापे (खांदे, गुडघ्यांमधले अंतर, कानांची लांबी, भुवयांचा वळसा) गुरूकडून मिळालेल्या प्रमाण-आराखड्यावरून घ्या. वेगवेगळ्या पुस्तकांतले तुकडे जोडू नका. मेनला धोंदुप या १५व्या शतकातल्या आचार्य-चित्रकाराच्या नावाने चालणारी मेनरी परंपरा आणि १६व्या शतकात नामखा ताशीपासून सुरू झालेली कर्मा गाद्री परंपरा यांत बुद्धाचे शरीर प्रमाणबद्धच असते, पण भोवतीचा निसर्ग, मोकळी जागा आणि छटा यांचा विचार वेगळा असतो. मेनरीत हिरवे डोंगर आणि गडद आकाश भरून येते. गाद्रीत पातळ रंग आणि बरीच मोकळी जागा राखतात, आणि ती मोकळी जागा सांभाळणे नवख्याला जड जाते. सुरुवात मेनरीने करावी.

कागदावर पूर्ण रेखाटन करून मगच कापडावर या. रेखाटन कापडावर उतरवायला रेघांवर सुईने बारीक भोके पाडा, कागद कापडावर ठेवा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटा. ठिपके जोडून पेन्सिलीची फिकट रेघ काढा, कोळसा झटकून टाका, मग पातळ शाईने रेघ पक्की करा. कोळसा न झटकता रंग लावला तर पांढरा आणि पिवळा दोन्ही मळतात. खोडरबर जपून वापरा, घोटलेल्या खडीचा पृष्ठभाग त्याने खरबरीत होतो आणि तिथे रंग वेगळा दिसतो.

उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटे भूमीला टेकलेली. डाव्या हातात भिक्षापात्र. संघाटी (भिक्षूचे वरचे वस्त्र) डाव्या खांद्यावर, उजवा खांदा मोकळा. दोन बाजूंना शारिपुत्र आणि मौद्गल्यायन हे शिष्य उभे करायचे असतील तर ते बुद्धापेक्षा स्पष्ट लहान हवेत.

रंग

जुन्या रंगांपैकी बरीच नावे मराठी वाचकाला ओळखीची आहेत: हिंगूळ, शेंदूर, हरताळ, मनशीळ, नीळ, लाख, गेरू, काजळ. निळ्यासाठी अझुराइट आणि हिरव्यासाठी मॅलाकाइट ही तांब्याची दोन खनिजे. काष्ठौषधींच्या दुकानात यांतली काही नावे दिसतील, पण तो माल रंगासाठी दळलेला नसतो. रंगद्रव्ये विकणाऱ्या दुकानातूनच घ्या.

हिंगुळात पारा आहे, हरताळ आणि मनशिळीत आर्सेनिक, शेंदरात शिसे. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका, आणि कुंचल्याचे टोक जिभेवर कधीही नेऊ नका. निळीने किंवा लाखेने छटा देताना टोक जिभेवर जुळवायची जुनी सवय अनेक कार्यशाळांत दिसते. ती उचलू नका. शिकताना या चार विषारी रंगांऐवजी आधुनिक सुरक्षित पूड रंग घेतले तरी चित्राचे काही बिघडत नाही. ॲक्रिलिक मात्र नको. त्याचा थर प्लास्टिकसारखा बसतो, गुंडाळीत उकाड्याने चिकटतो आणि सरसाच्या खडीवरून सोलून निघतो.

अझुराइट जास्त दळू नका. दाणा जितका बारीक तितका रंग फिका होत जातो. हलके दळून पाण्यात ढवळा. जड दाणे लगेच तळाला बसतात, वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तिथे काही वेळाने मधली छटा बसते, आणि उरलेल्या पाण्यातून फिकट निळी. एकाच खड्यातून अशा तीन छटा मिळतात. मॅलाकाइटचेही तसेच. नीळ याच्या उलट: ती जितकी घोटाल तितकी खुलते, त्यासाठी तासन्‌तास खल चालवावा लागतो. लाखेचा रंग काड्यांवरची लाख गरम पाण्यात उकळून काढतात आणि त्यात लोधाच्या जातीच्या झाडाची पाने घालतात. त्या पानांतल्या ॲल्युमिनियममुळे रंग धरतो.

सरस कोमट आणि खडीच्या सरसापेक्षा सौम्य. मूळ सरस एक भाग आणि पाणी एक भाग, इथून सुरुवात करा. रंगाचा ठिपका कापडाच्या कडेला लावा आणि वाळू द्या. बोटाला रंग लागला तर सरस वाढवा. ठिपका चमकला तर पाणी वाढवा. भरड अझुराइटला सरस जास्त लागतो, दाणे जड असतात. प्रत्येक रंगाचे सरसाचे प्रमाण वेगळे निघते, ते वहीत लिहून ठेवा. सरस मुरल्यामुळे वाटीतला रंग दुसऱ्या दिवशी घट्ट होतो. तो फेकू नका, गरम पाण्यात वाटी ठेवून पातळ करा. मात्र रोज सरस घालत गेलात तर आठवड्याभरात तोच रंग तडकू लागेल. वाढवायचे ते पाणीच.

रंग भरण्याचा क्रम दुरून जवळ असा: आकाश, डोंगर, हिरवळ, पाणी, मग प्रभामंडळ, सिंहासन, कमळ, वस्त्रे, आणि शेवटी शरीर. एक रंग वाटीत असेल तर चित्रात तो जिथे जिथे लागणार आहे तिथे सगळीकडे भरून टाका. हात पातळ आणि दोन. एका जाड हाताने काम लवकर होते, पण तो हात तडकतो. आकाश वर गडद आणि क्षितिजाकडे फिके होत जाते. हे ओल्या रंगात करायचे तर दोन कुंचले लागतात: एकात रंग, दुसरा नुसता ओलसर. रंगाची कड वाळण्याआधी ओलसर कुंचल्याने खाली ओढा. पंख्याखाली हे जमत नाही, कड लगेच वाळून रेघ राहते.

आधारभूत रंग भरून झाले की धारदार सुरीची कड पृष्ठभागाला जवळपास आडवी धरून अगदी हलके खरवडा. रंगाचे उंचवटे निघून जातात आणि पुढची बारीक रेघ अडखळत नाही. उडालेली भुकटी तिबेटात भाजलेल्या सातूच्या पिठाच्या गोळ्याने टिपतात. कणकेचा घट्ट, कोरडा गोळाही चालतो.

छटा आणि रेघ

चित्राला जीव येतो तो कोरड्या छटांनी, आणि वेळही सर्वांत जास्त इथेच जातो. निळीचे किंवा लाखेचे अगदी पातळ पाणी घ्या, कुंचला फडक्यावर टिपून जवळपास कोरडा करा, आणि टोकाने बारीक बारीक ठिपके किंवा आखूड रेघा शेजारी शेजारी टाकत जा. गडद हवे तिथे त्यावर पुन्हा. एका फेरीत छटा दिसूच नये, चारपाच फेऱ्यांनी ती उमटावी. निळ्या-हिरव्या भागांना नीळ, तांबड्या, केशरी आणि गुलाबी भागांना लाख. घाई झाली की डाग पडतात, कारण ओलसर कुंचला खालचा रंग उचलतो. सरसाचा रंग वाळल्यावरही पाण्याने विरघळतो, हे प्रत्येक फटकाऱ्याला लक्षात ठेवावे लागते.

बाह्यरेषांचाही हाच नियम: आकाश, ढग, पाने यांना नीळ, शरीर आणि तांबड्या वस्त्रांना लाख. काळी रेघ सगळीकडे मारली की चित्र जड होते. रेघ सुरुवातीला बारीक, वळणावर भरलेली, शेवटी पुन्हा बारीक. मनगट न हलवता सबंध हात खांद्यातून चालवला तर लांब वळसा एका दमात निघतो. कुंचला नसलेल्या हाताखाली चौकटीवर आडवी पट्टी टेकवून तिच्यावर हात ठेवा, चित्रावर टेकलेल्या घामट हाताने रंग उठतो.

सोने

खऱ्या सोन्याची पूड काठमांडूच्या नेवार कारागिरांकडून तिबेटात जात आली आहे. आज ती तयार मिळते. तिला पर्याय नाही. पितळी पूड काही वर्षांत काळवंडते.

सोने लागायच्या जागी आधी पिवळ्या मातीचा एक पातळ हात द्या. सोने कमी लागते आणि त्याला ऊब येते. लहान वाटीत पूड, दोनचार थेंब सौम्य सरस, बोटाने घोटा, मग पाणी. सोने जड असल्याने तळाला बसते, प्रत्येक वेळी कुंचला बुडवण्याआधी ढवळा. सरस जास्त झाला तर सोने घोटूनही निस्तेज राहते, कमी झाला तर घोटणीबरोबर उठून येते. म्हणून कडेला एक ठिपका लावून, वाळवून, अकीकाच्या (गुळगुळीत कठीण खड्याच्या) घोटणीने तपासा आणि मगच संघाटीवर जा.

बुद्धाचे शरीर सोन्याचे करायचे असेल तर सगळे एकसारखे घोटू नका. शरीर निस्तेज ठेवून चेहऱ्याभोवतीची किंवा वस्त्रावरची नक्षी तेवढी अकीकाच्या टोकाने घोटली तर निस्तेज सोन्यावर चमकती रेघ उमटते. घोटताना मागे फळी हवीच, नाहीतर कापड खळग्यात जाते आणि खडी तडकते. सोन्यावरची बाह्यरेषा घोटून झाल्यावर लाखेने मारा.

डोळे सर्वांत शेवटी. बुबुळे उघडल्यावर चित्रकाराचे काम संपते. मागच्या बाजूला मूर्तीच्या कपाळ, कंठ आणि हृदयाच्या मागे येतील अशी ओं, आः, हूं ही तीन अक्षरे लिहितात, आणि प्राणप्रतिष्ठा लामांकडून होते. चित्र पूजेसाठी असेल तर ही अक्षरे किनखाप शिवण्यापूर्वी लिहिली जावीत.

किनखापाची चौकट

दोऱ्या सैल करून कापड काठ्यांवरून सोडवा. चित्राच्या कडेबाहेर २ सेंमी खडीचे कापड राखून बाकी कापा. शिवण याच २ सेंमीत घ्यायची, चित्रात सुई नको. प्रत्येक भोकातून खडी सुटते.

चित्राला लागून दोन अरुंद रेशमी पट्ट्या येतात, एक तांबडी आणि एक पिवळी, प्रत्येकी साधारण १ सेंमी. त्याबाहेर किनखाप, बहुधा गडद निळा. आपल्या मापाला बाजूंना ८ सेंमी, वर १४ आणि खाली २८ असे धरून चला. खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा असतोच, आणि सबंध आकार खाली किंचित रुंद होत जातो. खालच्या किनखापाच्या मधोमध निराळ्या, भारी किनखापाचा चौकोनी तुकडा बसवतात, त्याला थांक्याचे दार मानतात. पाठीला पातळ सुती अस्तर, फक्त कडांना शिवलेले. अस्तर आणि किनखापाचे आतले कापड आधी भिजवून वाळवलेले हवे. तसे न करता शिवले तर पहिल्या पावसाळ्यात अस्तर आकसते आणि चित्र मधोमध फुगते. डिंकाने किंवा इस्त्रीच्या चिकटपट्टीने जोडणे तर पूर्ण टाळा, त्या कडक कडेवरच गुंडाळीचा पहिला मोड पडतो.

वर चपटी पट्टी, खाली सुमारे २.५ सेंमी जाडीचा गोल दांडा. दांडा किनखापाच्या दोन्ही बाजूंना २-३ सेंमी बाहेर येतो आणि टोकांना लाकडी किंवा धातूच्या मुठी बसतात. दांडा बारीक असेल तर गुंडाळी घट्ट होते, म्हणून इथे काटकसर नको. वरून पातळ रेशमी पडदा आणि दोन लांब फिती. चित्र उघडे ठेवताना पडदा वर गोळा करून बांधतात.

शिवणीचा प्रत्यक्ष नमुना पाहायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हिमालयीन कलेचे दालन आहे. धर्मशाळेजवळच्या नोर्बुलिंग्का संस्थेत थांका रंगवण्याचे आणि शिवण-पट्टीकामाच्या थांक्यांचे शिक्षण आजही चालते.

टांगणे आणि जपणे

गुंडाळताना पडदा चित्रावर सोडा, खालच्या दांड्यापासून वर सैल गुंडाळत जा, आणि फितीने हलके बांधा. आवळून बांधलेल्या थांक्यात आडव्या भेगा ठरलेल्या. दमट कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. सरस म्हणजे बुरशीचे आणि कसरीचे खाद्य. आठवड्याला एकदा चित्राच्या मागे हात घालून पाहा, थंड ओलसर लागले तर जागा बदला. काचेच्या फ्रेममध्ये बसवलेच तर काच चित्राला टेकू नये, मध्ये सेंटिमीटरभर तरी जागा ठेवा, नाहीतर रंग काचेला चिकटतो.

समईचा आणि उदबत्तीचा धूर थेट लागणार नाही इतके अंतर ठेवा. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने वरून खाली. ओले फडके, व्हार्निश, फिक्सेटिव्ह यांतले काहीही नको. ओल्या फडक्याने एका पुसण्यात छटा जातात, आणि व्हार्निशने अझुराइट काळपट होतो. रंगाचे पापुद्रे सुटताना दिसले तर चित्र पुन्हा गुंडाळू नका, आडवे सपाट ठेवा आणि चित्र जतन करणाऱ्या जाणकाराकडे तसेच सपाट न्या.